कुलपातला माळ

कुपवाडला मी कारखान्यात लेथवर काम करतो. झाडातलं मला काडीचं कळत नाही, पण तोंड चालतं. सुट्टीला माणला गावी घरी गेलो, तेव्हा आमच्या माळावर जंगल वाढवायला माणसं आली होती. झाडं कार्बन धरून ठेवतात, त्याचा मोबदला मिळेल, फक्त करार करून चराई बंद करायची, असं त्यांचं म्हणणं. वडिलांना मीच दोन दिवस बसून पटवलं. "हवा इकायची म्हन!" असं म्हणून ते पोट धरून हसले. पण शेवटी माझ्या शब्दाखातर सगळी मेंढरं विकली. जन्मभर मेंढरांमागं चाललेला माणूस! एक मेंढी तेवढी ठेवली, दाराला बांधून.

माळाला तारेचं कुंपण झालं, फाटकाला कुलूप. किल्ली माझ्याकडं. गाडीच्या किल्लीच्या जुडग्यातच लावली होती, लय मिरवलो तिच्यावर.

खोटं कशाला बोलू, पहिली दोन-तीन वर्षं डोळे निवले. चराई थांबली तशी जुन्या खोडांनाच फुटवे आले. खैर, हिवर, बोरी. आणि गवत तर कंबरेला लागायचं. एका थंडीत ते वाळलं तेव्हा वडील म्हणाले, "आरं, आठ दिस कुनाची तरी मेंढरं आत सोड. न्हाईतर लोकास्नी कापून तरी न्हेऊ दे. ह्ये लक्षन बरं न्हाई."

"आप्पा, करारात बसत नाही," मी म्हणालो. मोठा आलो करारवाला! गवत कापायला मनाई कुठंच लिहिलेली नव्हती. हे मी नंतर वाचलं.

त्याच उन्हाळ्यात शेजारी कुणीतरी बांध पेटवला आणि आग आमच्या गवतात शिरली. गावातनं पाण्याचा टँकर आला तो फाटकाशीच अडला. किल्ली माझ्या खिशात, मी कुपवाडला मशीनवर. कुलूप फोडेपर्यंत आग टेकडी चढून गेली होती. मी पोचलो तेव्हा वडील काळ्या माळावर उभे होते, हातात आग झोडपून जळलेला लिंबाचा डहाळा. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तरी मी खाली मान घालून ऐकल्या असत्या.

पावसाळ्यात तिथं परत कोवळं गवत आलं. झाडाचं एक पान नाही, नुसतं गवत. मी फाटक सताड उघडलं. म्हटलं, "आप्पा, खड्ड्यात गेला करार. मेंढीला तरी चरू द्या."

त्यांनी तिला आणलं, दावं सोडलं. ती फाटकातच थांबली. इकडं तिकडं बघून ओरडत राहिली, गवताला तोंड लावेना. मग एकदम वळली आणि घराच्या वाटेला पळत सुटली.

"काय झालं हिला?" मी विचारलं.

"एकटं मेंढरू चरत न्हाई रं. त्याला कळप लागतो," वडील म्हणाले. मग दावं खांद्यावर टाकून तिच्या मागं चालू लागले.