हेल्मी ओयालाचं हुकलेलं वादळ

अमेरिकेच्या उत्तर टोकाला, आमच्या पेल्कोलात बर्फ पाडणं देवाकडे होतं आणि तो मोजणं हेल्मी ओयालाकडे. दोघांपैकी कामात चोख कोण, याबद्दल गावात दुमत नव्हतं.

हेल्मी आमच्या शाळेच्या स्वयंपाकघराची मुख्य होती. मी बारा वर्षं तिच्या हाताखाली बटाटे सोलले, म्हणून सांगते, बाईचं माप कधी चुकलं नाही. पोराच्या ताटात मांसाचे गोळे तीन म्हणजे तीन; मग तो पाद्रीबुवांचा मुलगा का असेना. नवरा गेल्यावर तिनं हवामान खात्याचं बिनपगारी काम अंगावर घेतलं. परसात पांढऱ्या रंगाची हातभर फळी ठेवायची. रोज सकाळी सातला तिच्यावर साठलेला बर्फ इंचाच्या दहाव्या भागापर्यंत मोजायचा, मग परसात पाच ठिकाणी पट्टी खुपसून जमिनीवरचा थर बघायचा, आणि दोन्ही आकडे कळवायचे. सत्तावीस हिवाळे तिनं हे केलं. मुलीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा बाई चर्चला उशिरा आली, कारण बर्फ पडायचा थांबत नव्हता.

त्या वर्षी मात्र जानेवारी संपत आला तरी परसातलं गवत दिसत होतं. गावाशेजारचं सुपीरियर सरोवर न गोठता उघडंच, वारा दक्षिणेचा, आणि लोक भुतासारखे हिंडत होते. आमच्याकडे हिवाळ्यात लोक बर्फावर स्नोमोबिल गाड्या उडवायला येतात. बर्फ नसेल तर इथे येऊन बघायचं काय, आमची तोंडं? रविवारी पाद्रीबुवांनी बर्फासाठी खास प्रार्थना घेतली. हेल्मी मागच्या बाकावरून म्हणाली, "नुसता बर्फ काय मागता? सरोवरावरून येणारा वायव्येचा वारा मागा. देवाला नीट सांगितल्याशिवाय कळत नाही."

सगळ्यात जास्त तळमळ रॉडनीची. त्याचं सोळा खोल्यांचं मोटेल हेल्मीच्या घरासमोरच. दारातल्या पाटीवर तो बर्फाचा रोजचा आकडा लावायचा, आणि त्यासाठी सव्वासातला हेल्मीला फोन करायचा. मी बहुतेक तेव्हा तिच्याकडे कॉफीला असायची.

"मिसेस ओयाला, आज किती?"

"अर्धा इंच."

"पाच म्हणा ना हो. कोण येणार आहे बघायला?"

"रॉडनी, दुसरीत असताना तू दोन गोळे खाऊन एकच मिळाला म्हणून रडायचास. पन्नाशी आली, अजून तेच चालू आहे."

फेब्रुवारीत अखेर थोडा बर्फ पडला, त्या सकाळी ती बाहेरून आली आणि तिनं वहीत लिहिलं, नऊ. मी खिडकीतून पाहिलं तर तिथे चार इंच असतील-नसतील. मी सांगायच्या आत तिनंच पट्टी दिव्याखाली धरली, आधी एका डोळ्यानं पाहिली, मग दुसऱ्यानं, आणि खाली बसली.

"मला चार आणि नऊ सारखेच दिसतात गं."

मोतीबिंदू तिला दोन वर्षांपूर्वीच सांगितला होता. हिवाळ्यात वेळ नाही म्हणून ती टाळत आली होती. आता चुकीचा आकडा कळवण्यापेक्षा डोळा काढून द्यायचीही तिची तयारी होती. टीव्हीवरच्या हवामानवाल्यानं, ज्याचा भांग कधी मोडत नाही आणि अंदाज कधी खरा ठरत नाही, दहा दिवस आकाश कोरडं म्हणून सांगितलं. तिनं त्याच्यावर विश्वास ठेवला. तिच्या आयुष्यातला तो एकमेव मूर्खपणा.

दक्षिणेला ग्रीन बे शहरात तिची मुलगी राहते; डोळ्यांचं इस्पितळही तिथेच. मी गाडी चालवत हेल्मीला तिकडे घेऊन गेले. फळीची जबाबदारी नाइलाजानं रॉडनीवर. निघताना तिनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून चर्चच्या पत्रकामागे जाड पेनानं सूचना लिहून दिल्या.

एका डोळ्याची शस्त्रक्रिया मंगळवारी झाली. बुधवारी रात्रीत वारा फिरला.

गुरुवारी ग्रीन बेमध्ये रिमझिम पाऊस होता, आणि हेल्मी डोळ्यावर पट्टी लावून सोफ्यावर, फोन कानाला. डॉक्टरांनी वाकायचं नाही, उचलायचं नाही, असं बजावलं होतं. तसंही उत्तरेचे रस्ते बंद झाले होते.

"मिसेस ओयाला!" रॉडनीचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "समोरचं तुमचं घर दिसत नाहीये! मी पाटी बदलून बदलून दमलो!"

"पाटी गेली खड्ड्यात. फळी बघ."

"बघतोय ना. एकूण चौतीस इंच झाले कालपासून!"

हेल्मीचा चेहरा उजळला. चौतीस म्हणजे तिच्या वहीतला सगळ्यात मोठा आकडा. मग तो चेहरा हळूहळू आखडला.

"रॉडनी, फळी किती वेळा पुसलीस?"

"दर तासाला. अगदी चकचकीत ठेवलीय."

"बर्फ सतत पडत असेल तर सहा तासांनी एकदा पुसायची, म्हणून तुला लिहून दिलं होतं. ताजा बर्फ कापसासारखा असतो, स्वतःच्या वजनानं बसतो. दर तासाला पुसून बेरीज केलीस म्हणजे तू हवा मोजलीस, गाढवा!"

"कागदावर 'तासांनी एकदा' एवढंच आहे. शपथ."

तिनं फोन ठेवला. पट्टीखालून पाणी येत होतं. डोळ्याला रडणं बरं नाही म्हणून मुलगी ओरडली, तेव्हा हेल्मी तिच्यावर ओरडली.

शनिवारी आम्ही परतलो. स्वयंपाकघराच्या टेबलावर, मेणकापडाच्या कडेला, जाड पेनानं काढलेला सहाचा आकडा होता. सूचना लिहिताना कागदाची कड न दिसल्यानं तो तिथे पडला होता. हेल्मीनं नव्या डोळ्यानं तो बराच वेळ पाहिला. मग समोर जाऊन रॉडनीला म्हणाली, "गाढव तू नाहीस. निदान या वेळी नाहीस." आमच्या गावात याला माफी मागणं म्हणतात.

जमिनीवरचा थर पाच ठिकाणी मोजून तिनं कळवला: तेवीस इंच. नव्या बर्फाचा रकाना मोकळा सोडला. खात्यातला माणूस फोनवर म्हणाला, "ओयालाबाई, अंदाजे काहीतरी लिहा."

"अंदाज तुमचं खातं. मी मोजते."

अशा रीतीनं दहा वर्षांतलं सगळ्यात मोठं वादळ सरकारदरबारी झालंच नाही. गाव पंधरा दिवस तिच्याशी धड बोललं नाही. स्नोमोबिलवाले मात्र खात्याला न विचारता आले, आणि मोटेलच्या सोळाही खोल्या भरल्या. पाटीवर चौतीस तसाच होता. एका सकाळी हेल्मी स्टुलावर चढली, दोन्ही आकडे काढून कोटाच्या खिशात घातले आणि घरी आली. ती चढताना रॉडनी खिडकीतून बघत होता. तो बाहेर आला तो फक्त स्टूल धरायला.

मार्चपासून तो सातच्या ठोक्याला तिच्या परसात उभा राहायला लागला. ती पट्टी वाचायची, तो मान डोलवायचा, मग तो वाचायचा आणि ती नाही म्हणून मान हलवायची. नव्या डोळ्यानं तिला बरंच काही दिसू लागलं होतं. "तू केस रंगवतोस होय?" तिनं त्याला विचारलं. "आणि माझ्या घराचा रंग एवढा उडालाय, हे मला कुणी सांगितलं का नाही?"

दुसऱ्या डोळ्यासाठी डॉक्टरांनी नोव्हेंबरची तारीख सुचवली. हेल्मीनं जुलै सांगितला. जुलैत डॉक्टर मासे धरायला जातात म्हणे.

"मग ऑगस्ट," हेल्मी म्हणाली. "सप्टेंबरनंतर मी कामात असते."