लांडगा धरलेला कुत्रा

सोलापुरात इतिहास शिकवणाऱ्या प्रभावतीबाईंकडे मी पहिल्यांदा गेलो तो रजेच्या अर्जावर सही घ्यायला. बाई इंग्रजांच्या एका विजयपदकाचं छायाचित्र भिंगातून पाहत होत्या. त्यात सिंहानं वाघाला खाली दाबलं होतं. सिंह म्हणजे इंग्रज आणि वाघ म्हणजे इथला हरलेला राजा, हे समजावून त्या म्हणाल्या, "वर कोण आहे ते सगळेच बघतात. तू खालच्याकडं बघ." सही राहिलीच, मी मात्र त्यांचा कायमचा विद्यार्थी झालो.

ते पदक एकदा तरी हाती यावं, ही बाईंची कित्येक वर्षांची आस. निवृत्तीच्या आदल्या वर्षी कळलं, की सांगोल्याकडच्या एका मेंढपाळ वस्तीवर ते आहे. पूर्वजाला इंग्रजांच्या फौजेत मिळालेलं. आम्ही गेलो तेव्हा ते देव्हाऱ्यात भंडाऱ्यानं पिवळं झालेलं होतं. आयाळ झिजली होती, वाघाचे पट्टेही. घरच्या आजींनी कौतुकानं सांगितलं, की हा खंडोबाचा कुत्रा, यानं लांडगा धरलाय. मेंढरं सोडताना याला हात जोडायचे. मला कुठला धीर! उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. सगळा खरा अर्थ मी सांगून मोकळा झालो.

आजी उठून देव्हाऱ्याशी गेल्या. मग त्यांनी तो बिल्ला बाईंच्या हातावर ठेवला.

"न्या बाई. इतकी वर्सं आमी आमच्याच मरणाला भंडारा वाहिला की."

जन्मभर शोधलेलं आयतं हातात आलं होतं. बाईंनी ते एकदा उलटंपालटं करून पाहिलं.

"आजी, घडवणाऱ्यानं सिंहच घडवलाय, ते खोटं न्हाय," त्या म्हणाल्या. "पन तुमी लांडग्यापासून राखण मागितली. ते कुटं खोटं हाय?"

त्यांनी पदकाची छायाचित्रं घेतली, त्याला स्वतः भंडारा लावला आणि ते परत देव्हाऱ्यात ठेवलं. परतताना बोलणी बसणार म्हणून मी अंग चोरून बसलो होतो. बाईंनी डब्यातली अर्धी भाकरी आणि शेंगाचटणी माझ्यापुढे केली.

पुढे त्यांच्या पुस्तकात त्या पदकाखाली दोन अर्थ छापले गेले. एक टाकसाळीचा, दुसरा वस्तीवरचा. दुसऱ्याखाली आजींचं नाव होतं. विद्वानांनी हसायचं तेवढं हसून घेतलं. बाईंनी पुढच्या आवृत्तीतही ते नाव तसंच ठेवलं.

बाई, पंचाहत्तरी झाली. डोळे आणि गुडघे शाबूत राहोत, पुष्कळ वर्षं जगा. खरं बोलायची घाई मी अजूनही करतो. शेजारी तुम्ही असायला हव्यात.