मुकादमाची चौथी तारीख

मुकादमाला डॉक्टरकडे न्यायच्या तीन तारखा आमच्या ह्यांनी मोडल्या, आणि तिन्ही वेळा कारण एकच सांगितलं, "काम निघालं." आता हे लिफ्ट दुरुस्त करतात आणि लिफ्ट काही कुणाची सोय बघून बंद पडत नाही, हे मलाही कळतं. पण नेमकी त्याच दिवशी, त्याच वेळी, तीनदा?

मुकादम म्हणजे आमचा कुत्रा. वय चौदा. लहानपणी घरात कुणीही काही करायला बसलं की हा समोर ठाण मांडायचा आणि काम संपेपर्यंत हलायचा नाही, म्हणून मुलानं ते नाव ठेवलं. आता त्याचे मागचे दोन्ही पाय गेलेत, एका डोळ्यावर पडदा आलाय, आणि कूस पालटली की कण्हतो. डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, "औषधांच्या पलीकडे गेलाय. इंजेक्शन देऊन शांतपणे सोडवू या त्याला." मी तिथल्या तिथे हो म्हटलं. हे म्हणाले, "बघू." ह्यांच्या 'बघू'वर मी एकोणतीस वर्षं संसार केलाय.

माणूस वाईट नाही. वाईट असता तर भांडायला तरी बरं पडलं असतं. आणि बाहेर तर ह्यांच्याइतका रोखठोक कुणी सापडायचा नाही. इमारतीतले लोक गयावया करतात, "अजून वर्षभर ढकला ना हो ही लिफ्ट." हे झिजलेला दोर त्यांच्या नाकासमोर धरतात आणि सांगतात, "ही गेली. हिच्यात मी माणसं चढवणार नाही." मग फ्यूज काढून खिशात घालून सरळ घरी येतात. एकदा असा फ्यूज परत मागायला चार जण आमच्या दारात आले होते. ह्यांनी त्यांना चहा पाजला, फ्यूज दिला नाही.

असा माणूस स्वतःच्या घरात मात्र दुरुस्तीच करत बसला. आधी लिफ्टच्या जुन्या रबरी मॅटचे तुकडे हॉलभर चिकटवले, मुकादमाचा पाय घसरू नये म्हणून. त्यात मी दोनदा अडखळले, मुकादम एकदाही उभा राहिला नाही. मग चाकांची गाडी झाली. ती त्याच्यासकट पलंगाखाली जाऊन अडकली आणि मलाच आडवं होऊन ओढून काढावी लागली. शेवटी पट्ट्यांची झोळी शिवली. आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर. अख्ख्या शहराला वर-खाली नेणाऱ्या माणसाच्या इमारतीत लिफ्ट नाही, यावर सगळ्यांचं हसून झालंय, तेव्हा ते राहू द्या. हे सकाळी त्याला झोळीतून खाली फिरवून आणत आणि संध्याकाळी पुन्हा एकदा. मधले अकरा तास माझे. चादर बदल, फरशी पूस, चमच्यानं पाणी पाज, पडून पडून झालेल्या जखमेवर माशी बसू देऊ नकोस. आणि सोबत माझं तोंड चालूच. "आत्ताच घातली ना रे ही चादर? तुझा बाप येणार आहे का धुवायला?"

त्यात मुलाचा फोन. "आई, मी आल्याशिवाय काही करू नका हं."

"मग ये ना!"

"पुढच्या महिन्यात जमतंय का बघतो."

हाही बघतोच. मी फोन ठेवला. आपटला म्हणा हवं तर.

चौथी तारीख मी स्वतः घेतली. गुरुवार, सकाळी अकरा. नंतर ह्यांच्या साहेबांनाच फोन लावला आणि सांगितलं की गुरुवारी शहरातल्या सगळ्या लिफ्ट एकदम बंद पडल्या तरी आमच्याकडे फोन करायचा नाही. साहेब 'बरं वहिनी' म्हणाले.

गुरुवारी हे मुकाट्यानं तयार झाले. मुकादमाला झोळीत घेतलं, दार उघडलं. आणि मी म्हणाले, "अहो, थांबा. काल अर्धी वाटी दूध प्यायला तो. सोमवारी नेऊ."

माझ्याच तोंडून! दोन महिने ह्यांचं डोकं खाल्लं ती मीच. मला स्वतःचा इतका संताप आला की बोललेलं परतही घेता येईना.

हे दारातच उभे राहिले. म्हणाले, "तिन्ही वेळा काम निघालं नव्हतं."

"माहीत आहे मला. मी काय दूधखुळी आहे?"

"लवकर सुटून जिन्यापर्यंत यायचो. आतून तुझा आवाज यायचा, त्याला झापत असायचीस. वाटायचं, मी आठला जातो तो सातला येतो. पोरगा महिन्यातून दोनदा फोन करतो. हा गेला की तू दिवसभर बोलणार कुणाशी? मग तिथूनच फोन करून तारीख मोडायचो."

"म्हणजे माझ्यासाठी त्या मुक्या जिवाचे हाल केलेत? मला एका शब्दानं विचारायचं तरी!" मी दारातूनच ओरडले. शेजारचं दार किलकिलं झालं, होऊ दे.

"चुकलंच माझं," हे म्हणाले. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा. "आता तू सोमवार करू नकोस."

झोळीत मुकादम कण्हला. मी चपला घातल्या.

दवाखान्यात त्याला टेबलावर निजवलं. ह्यांनी त्याचा पुढचा पाय धरला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ऐकू येतंय त्याला अजून. बोला त्याच्याशी."

काय बोलायचं? लोक 'बाळा', 'राजा' म्हणत असतील. मी चौदा वर्षांत त्याला कधी बाळ म्हटलं नाही. दिवसभर ज्याच्याशी बडबडायचं, त्याच्यासाठी त्या घडीला एक शब्द सुचेना. मुकादम मान उचलून चांगल्या डोळ्यानं इकडेतिकडे शोधत होता.

"हलू नकोस," मी खेकसले. "प्रत्येक गोष्टीला किती वेळ लावतोस रे! झोप आता गुपचूप."

त्याची शेपटी टेबलावर दोनदा आपटली. मग त्यानं मान खाली टाकली. मी आपली झापतच राहिले, पाय नीट घे, जीभ आत घे, ऐकत नाहीस कधी एक. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या छातीला नळी लावली आणि ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला कळलं होतं. तरी मला थांबता येईना.