नानाचा डबा

फोन एसटीच्या कंडक्टरचा होता. चाळीसगावहून जळगावला येणाऱ्या गाडीत एक म्हातारे गृहस्थ खिडकीला डोकं टेकून बसलेत, हलवलं तरी उठत नाहीत, खिशातल्या चिठ्ठीवर हा नंबर आहे... माझा धाकटा भाऊ नाना. मला रडू यायला हवं होतं. मी विचारलं काय, तर त्यांच्या मांडीवरचा डबा भरलेला आहे की रिकामा? कंडक्टर बिचारा गोंधळला. मग म्हणाला, "भरलेलाच आहे मावशी. भरीत दिसतंय." म्हणजे यंदाही तसाच परत आला.

नानाने पोलिसात तेहतीस वर्षं काढली. धुळ्यात एकदा दगडफेकीत शेजारच्या जोडीदाराचं तोंड फुटलं, त्याचे दोन दात नानाच्या शर्टाला चिकटून घरी आले. ते त्याने मला हसत सांगितलं होतं. निवृत्त झाला तेव्हा बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही, म्हणून मी त्याला जळगावात पिंप्राळ्याला माझ्याकडे आणलं. मी जन्मभर शाळेत पोरं हाताळलेली. एका हवालदाराला काय घाबरायचं, असं वाटलं होतं.

त्या पहिल्याच हिवाळ्यात एका दुपारी मी कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून लाकडी बडगीत ठेचत बसले होते. धप्प, धप्प. नाना आतून धावत आला, माझ्या हातातलं मुसळ हिसकावलं आणि माझ्या डोक्यावर उगारलं. "बोल! बोलतो का नाही?" त्याचे डोळे मला ओळखत नव्हते. मी ओरडले, "नान्या, मेल्या, वांगं आहे ते!" मुसळ खाली आलं ते बडगीवर. बडगीला उभी चीर गेली. गरम वांगं माझ्या तोंडावर, भिंतीवर, देवाच्या फोटोवर. मग तो मोरीत जाऊन बसला आणि पोरासारखा रडला. "अक्का, त्याची बोटं अशीच फुटली गं..."

तेव्हा मला जगन कळला. चोरीच्या संशयावरून उचलून आणलेला चाळीसगावचा हमाल. साहेब म्हणाले हाण, नानाने हाणलं. उजव्या हाताची तीन बोटं टेबलावर ठेवून काठीने ठेचली. आठ दिवसांनी चोर दुसराच निघाला. जगनला सोडलं, पण त्या हाताने पुन्हा पोतं उचललं गेलं नाही. हे ऐकून मला माझ्या सख्ख्या भावाची किळस आली, खोटं कशाला सांगू! मी म्हटलं, "उद्या डॉक्टरकडे यायचं, नाहीतर माझं घर सोडायचं." तो आला. गोळ्यांनी झोप लागायला लागली. पुढे एके दिवशी त्यानेच मुसळ मागितलं. मी दार सताड उघडं ठेवून, पळायच्या तयारीत उभी राहिले. त्याने इतकं हळू ठेचलं, की त्या एका वांग्याला अर्धा तास लागला.

दोन हिवाळ्यांत आमच्या अंगणात नानाच्या हातचं भरीत खायला अख्खी कॉलनी जमायला लागली. रिक्षावाले थांबायचे, शेजारणी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणायच्या, नाना बेसूर लग्नगीतं म्हणत वाढायचा. इतकं हसायचा की मी दटावायचे, "अरे, कवळी पडेल!" पण स्वतः भरताचा घास घ्यायचा नाही. "जगनने खाल्लं की मी."

पहिल्यांदा चाळीसगावला जगनकडे डबा घेऊन गेला तेव्हा मीही बरोबर होते. जगनने दारातच नानाच्या थोबाडीत मारली. एक नाही, तीन. डबा रस्त्यावर भिरकावला, कुत्री आली. "तुन्हा हातनं? मरी जासू, पन खावाव नही." नानाने हात वर केला नाही. डबा उचलला, पदराने पुसायला माझ्याकडे दिला. पुढची सहा वर्षं दर हिवाळ्यात एकटाच जायचा आणि भरला डबा घेऊन परत यायचा. सातव्या वर्षी डबा आला, नाना आला नाही.

यंदा हिवाळा आला तशी परवा मीच वांगी भाजली, मीच ठेचली आणि चाळीसगाव गाठलं. जगन आता पार वाकलाय. माझ्या मागे बघत म्हणाला, "तो कोठे शे?"

"गेला. गेल्या खेपेला तुमच्याकडून परत येताना, गाडीतच."

तो आपल्या वाकड्या बोटांकडे बघत राहिला. "मी त्याले माफ करेल नही. मरना म्हनीसन बी करावाव नही." मला वाटलं आता डबा जाणार रस्त्यावर. "पन दर साल येत व्हता तो... आते कोन यी?"

आता कोण येणार? मी डबा पुढे केला. त्याने डाव्या हाताने माझ्याकडून डबा घेतला, आत गेला आणि दार लावून घेतलं. त्याने खाल्लं की कुत्र्यांना घातलं, मला माहीत नाही. मी तशीच स्टँडवर आले.

घरी बडगी धुवायची राहिली होती. चिरेत वांग्याचं साल अडकतं, ते नाना खराट्याच्या काडीने काढायचा. मी काडी घेऊन बसले, आणि हुंदका आला तो आवरेचना.

"नान्या," मी म्हटलं, "डबा परत नाही आला रे."