गुलाबी पडद्यांची कमिटी

"ऑर्थोपेडिक्सला मुली का येत नाहीत?" आमचे विभागप्रमुख देवधर सरांनी विचारलं आणि टेबलाभोवतीच्या सगळ्या पुरुषांनी माझ्याकडे पाहिलं. डिपार्टमेंटमधली एकुलती एक मुलगी मी. म्हणूनच मीटिंगची मिनिट्स लिहायचं काम माझ्याकडे होतं. चहाही मीच सांगून आले होते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. पूर्व उपनगरातलं हॉस्पिटल, नाव विचारू नका. मुलींना हाडांच्या सर्जरीकडे वळवा, असा वरून आदेश आला होता. सूचना एकापेक्षा एक! कुणी म्हणालं, हातोडी हलकी घ्या. कुणी म्हणालं, आरसा लावा. शेवटी लेडीज रूमला गुलाबी पडदे एकमताने मंजूर झाले. लेडीज रूम अजून नव्हती, पण ते असो.

"सर," मी म्हटलं, "कुठली केस कुणी करायची हे तुम्ही जेन्ट्स चेंजिंग रूममध्ये ठरवता. मी तिथे नसते."

"अगं, विषय मुली का येत नाहीत हा आहे. तू तर आलीयस ना!"

आता ही चेंजिंग रूमची भानगड सांगते. ऑपरेशनआधी सगळे तिथे कपडे बदलत, गप्पा मारत आणि सर शर्ट काढता काढता केसेस वाटत. मी बदलायचे सिस्टर्सच्या खोलीत, चादरींच्या गठ्ठ्यांमागे. बाहेर येईपर्यंत वाटप संपलेलं, मोठ्या केसेस माझ्याच बॅचच्या पाटीलकडे गेलेल्या. माझ्या वाट्याला रिट्रॅक्टर, म्हणजे जखम उघडी धरून ठेवायची लोखंडी पट्टी. अडीच वर्षं मी ती धरली. परीक्षा तोंडावर आली होती. एक तरी मोठं ऑपरेशन स्वतः केल्याशिवाय सर फॉर्मवर सही करणार नव्हते. आणि ऑपरेशन देणार कोण? सरच!

पुढच्या मंगळवारी लिस्टवर कांजूरमार्गच्या एक आजी होत्या. मोरीत पाय घसरून खुबा मोडलेला. मोडका भाग काढून स्टीलचा गोळा बसवायचा होता. मी जेन्ट्स चेंजिंग रूमबाहेरच्या बाकावर तोंड पाडून बसले होते. आमच्या थिएटरच्या सावंत सिस्टर, पक्क्या मालवणी, समोर येऊन उभ्या राहिल्या.

"गो बाय, हयसर बसान काय होवचा नाय. दार ठोक!"

ठोकलं.

"कोण आहे?" आतून सर.

"मी, सर. आजींचं हिप कोण करतंय?"

"आम्ही कपडे बदलतोय!"

"बदला ना सर. मी बाहेरूनच बोलते."

"पाटील करतोय."

"पाटीलने गेल्या मंगळवारीही केलं. माझ्या फॉर्मवर काय लिहू, पट्टी छान धरते?"

आत कुणीतरी खुदकन हसलं.

"नंतर बोलू. सिस्टर, कपडे कुठायत?"

ऑपरेशनचे धुतलेले कपडे आत द्यायचं काम सावंत सिस्टरांचं. गठ्ठा त्यांच्या काखेत होता. "हाडतंय, हाडतंय," म्हणजे आणते, आणते, असं म्हणत त्या जागच्या हलल्या नाहीत. मीही हलले नाही. पाच मिनिटं गेली. दहा गेली.

"सर, द्या ना तिलाच!" पाटील ओरडला. "थंडी वाजतेय यार!"

"बरं, कर! पण मी शेजारी उभा राहणार," सर म्हणाले. सिस्टरांनी गठ्ठा आत सरकवला.

मोडका भाग मी काढला. मग हातोडी घेतली. ती काही जड वाटली नाही. गोळा खोबणीत टक्कन बसला तेव्हा मास्कच्या आत मला रडू आलं. रिट्रॅक्टर पाटीलने धरला होता. "नीट बसलाय," सर म्हणाले आणि संध्याकाळी फॉर्मवर सही केली.

पुढच्या आठवड्यापासून केसेसची वाटणी नोटीस बोर्डावर लागू लागली. न्यायबुद्धी वगैरे काही नाही, दाराबाहेर पुन्हा बाई उभी राहू नये म्हणून. पुढच्या वर्षी दोन मुली आल्या. बोर्डावर माझं नाव वाचून धीर आला, म्हणाल्या. सरांनी रिपोर्टमध्ये श्रेय पडद्यांना दिलं. लेडीज रूम काही झाली नव्हती, त्यामुळे पडदे जेन्ट्स चेंजिंग रूमच्या दाराला लागले होते.

मी शिकले ते एवढंच: दार जरूर ठोकावं, पण आतल्यांचे कपडे कुणाच्या काखेत आहेत ते आधी बघावं.