बाबांचं पान

सर्वपित्री अमावास्येला केळीची पानं कापून, पुसून, लहानमोठी वेगळी लावणं हे घरात माझं काम. एखादं फाटलं तर बदली हाताशी असावं म्हणून मी थोडी जास्तच कापायची. ती सवय अजून आहे. त्याशिवाय एक पान बाबांचं.

बाबा रंगूनला लाकडाच्या वखारीत होते. जपानी फौजा येणार अशी हूल उठली तेव्हा त्यांनी आईला आणि मला बोटीत बसवलं, पगार हातात पडला की निघतो म्हणाले. मग शहर जपान्यांच्या ताब्यात गेलं आणि पत्रं थांबली. लढाई संपली, देश स्वतंत्र झाला, तरी बाबांची खबर नव्हती. काका म्हणत, दादाचं पान आता पितरांच्या पानांबरोबर कौलांवर ठेवू. आई ते पंगतीत मांडायची आणि त्यावर कुणातरी भुकेल्या वाटसरूला बसवायची.

"वहिनी, दादाच्या नावानं गावोगावचे आळशी पोसताय," काका टोमणा मारत. आई त्यांना आणखी एक वडा वाढून गप्प करी.

स्वातंत्र्यानंतर दोनेक वर्षांनी, त्याच अमावास्येला, काशीदचा एक माणूस घर विचारत आला. बाबांबरोबर वखारीत होता. त्यानं ओटीवर बसून सगळं सांगितलं. सैनिकांनी घराघरांतला तांदूळ उचलून नेला, पुरुषांना रस्ता बांधायला जंगलात हाकललं. तापानं पडलेल्यालाही मारून उठवत. बाबा तिथंच गेले. तिथी कुणाला ठाऊक नाही.

"शेवटी काय खाल्लं त्यांनी?" आईनं विचारलं.

"केळीचा गाभा उकडून देत होतो, वहिनी. भात मागत होते. भात न्हवता."

काका भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. जमलेल्या शेजारणी आईच्या बांगड्यांकडे पाहू लागल्या. आधी जेवणं होऊ द्या, म्हणून आई उठली आणि करपायला लागलेला भात तिनं उतरवला. मी जास्त कापलेल्यातलं एक पान बाबांच्या नावानं स्वतः वाढून काकांच्या हातात दिलं. काका शिडीवर चढले.

पंगतीत मांडलेलं बाबांचं रिकामं पान मी उचलायला वाकले, तर आईनं माझा हात धरला.

"राहू दे. दादा, तुम्ही इथं बसा," ती त्या माणसाला म्हणाली.

आपल्याला घास गिळवणार नाही, असं तो पुटपुटला.

"गिळवेल. मी वाढते आहे."

तिनं आधी भात वाढला. त्यानं घास तोंडात घालेपर्यंत भातवाढी हातात घेऊन समोर उभी राहिली.

पुढच्या वर्षी पानं कापताना मी कुणाला विचारलं नाही. बाबांची दोन कापली.