दुखवट्याचं जेवण

स्वतःच्या दुखवट्याचं जेवण जेवलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आमचे सुभेदारकाका. महायुद्धात ते आफ्रिकेच्या वाळवंटात बेपत्ता झाले. युद्ध संपलं तरी पत्ता नाही म्हणून पेणला घरचे त्यांच्या नावाने रीतीप्रमाणे सात दिवस दुखवट्याला जमिनीवर बसले, आणि ते सात दिवस सरायच्या आत हे दारात हजर. "भूक लागली होती, समोर ताट होतं. कुणासाठी केलंय ते नंतर कळलं," असं ते हसत सांगायचे.

काका बेने इस्रायली, म्हणजे कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले मराठी ज्यू. आमचे अप्पा, म्हणजे माझे वडील, मुखेडचे लिंगायत वाणी, मांसाला न शिवणारे. दोघं एकाच पलटणीत होते आणि बरोबरच जर्मनांच्या हाती सापडले. ज्यूंना वेगळं काढतात अशी छावणीत बोलवा होती. नावं टिपून घेणाऱ्या दुभाष्याला अप्पांनी ठोकून दिलं, "ह्यो माझा भाऊ हाय. आमी वाणी." काकांना त्यांच्या धर्माच्या रीतीने कापलेलंच मांस चालायचं. ते तिथे कुठलं मिळायला? मग तेही अप्पांसारखे सुक्या पावावर राहिले आणि थाप पचली. पुढे अप्पांनी मुखेडला दुकान टाकलं आणि काकांची पेन्शन झाल्यावर त्यांना तिथे आणून आमच्या शेजारच्या खोल्यांत ठेवलं. मांसाची अडचण इथेही तीच. आई म्हणायची, आपल्यापेक्षा हेच पक्के वाणी.

मोठ्या दुष्काळात काका रस्त्याच्या कामावर मुकादम होते. शनिवारी मात्र ते काडी हलवत नसत. साहेबाने हटकलं तेव्हा म्हणाले, "साहेब, देवानेसुद्धा सहाच दिवस मस्टर भरलं." खडी फोडणाऱ्या बायका त्यांच्यावर खूश असायच्या. एखादीची पाटी अर्धीच भरलेली दिसली की ते ढग शोधायला आभाळाकडे बघत. त्या वर्षी ढग शोधायला वेळही फार लागायचा.

त्याच वर्षी त्यांचा फौजेतला एकुलता एक मुलगा डॅनियल, आम्हा सगळ्यांचा दानू, बेपत्ता होता. पाकिस्तानशी लढाई संपून बरेच महिने लोटले, पण तो कैदेत आहे की गेला, कुणी सांगेना. काकूंचा भाऊ मुंबईहून आला आणि म्हणाला, किती दिवस वाट पाहणार, आता दुखवट्याला बसायला हवं. काकू चुलीपुढून उठल्यासुद्धा नाहीत.

"एकदा नवऱ्यासाठी रडले, ते फुकट गेलं. या घरातल्या माणसांना उशिरा यायची खोडच आहे."

काका इतके हसले की मेव्हण्यालाही हसू आवरेना. मला त्या दोघांच्या भरवशाचा हेवा वाटायचा.

आणि दानू आला. कैदी सुटले त्यात सुटला आणि नांदेडच्या एसटीतून उतरला. नुसता हाडांचा सापळा उरला होता. काकूंनी त्यांच्या एलियाहू नबीला मलिद्याचा नवस बोलला होता. आमच्याकडे मलिदा पोळी कुस्करून करतात, त्यांचा पोह्यांचा, गूळ-खोबरं घालून. त्यासोबत ठेवायची फळं अप्पांनी नांदेडहून आणली. रेशनवरच्या मिलोच्या, त्या अमेरिकी लाल ज्वारीच्या, भाकरीला विटलेली सगळी गल्ली त्या दिवशी तृप्त झाली. "मी म्हणत नव्हतो?" असं काका ज्याला त्याला ऐकवत होते, आणि काकू म्हणत होत्या की हे मीच म्हणत होते.

लातूरचा वेगळा जिल्हा झाला तेव्हा दानूला तिथल्या नव्या कचेरीत नोकरी लागली आणि ती सगळी निघाली. स्टँडवर मी सामान धरून उभी होते. काकांनी अप्पांना जवळ ओढलं.

"तुझ्या दुकानात बसून दानूसाठी रडलो होतो, ते हिला कधी कळू देऊ नकोस. मी आशा सोडली होती. हिचा भरवसा बघून हसत राहिलो."

पिशवी द्यायला मी गाडीत चढले, तर खिडकीतून आईचा हात धरून काकू सांगत होत्या, "यांना बोलू नका हो, मी मनातून पोराला केव्हाच निरोप दिला होता. यांच्या हसण्यावर दिवस काढले."

एसटी सुटली. दोघं एका बाकावर खेटून बसली होती, हात हलवत होती. मला रडू आवरलं नाही.

परतताना अप्पा म्हणाले, "वहिनीचं काळीज लई मोठं हाय." आई म्हणाली, नाही, भाऊजींचं मोठं. मी दोघांनाही हो म्हटलं.